घरचा हिशेब : डबा वजा, माल जमा

गणेशोत्सव आटोपून आठवडा झाला असेल. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या शेजारच्या वहिनी हातात एक वही आणि दोन पावत्या घेऊन आल्या. पतीच्या निधनानंतर या बाईंनी मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला यांचा छोटासा घरगुती उद्योग उभा केला आहे. सोबत आणखी दोघी आहेत. तिघींच्या हाताला चव आहे आणि व्यवहारात सचोटी आहे. असे असूनही त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पंधरा दिवस तिघीजणी राबलो. शंभर पाकिटे मोजून पाठविली. पैसेही वेळेवर आले. आणि हिशेब मांडला तर पदरी तोटाच! चूक कोठे झाली ते जरा पाहाल का?”

मी वही पाहिली. दक्षिणेकडील एका मोठ्या शहरातील मराठी मंडळाने उत्सवातील विक्रीसाठी भाजणीची शंभर पाकिटे मागविली होती. प्रत्येक पाकीट ५०० ग्रॅमचे आणि किंमत २२० रुपये. म्हणजे मालाचे एकूण २२,००० रुपये. पाकिटामागे ३० रुपये सुटतील, म्हणजे ३,००० रुपये नफा, असा वहिनींचा अंदाज होता. माल ५० किलो, विमानाने पाठविणाऱ्या कुरिअरचा दर किलोमागे १२० रुपये, म्हणून वाहतुकीचे ६,००० रुपये त्यांनी मंडळाला आधीच ठरवून सांगितले होते. प्रत्यक्षात कुरिअरने पावती केली ती ७० किलोंची, ८,४०० रुपयांची. वरचे २,४०० रुपये वहिनींच्या अंगावर पडले. एवढ्यावरच भागले नाही. मंडळातील एका चोखंदळ गृहस्थांनी पाकीट फोडून भाजणी काट्यावर घातली; ती भरली ४७८ ग्रॅम. मंडळाचे पत्र सौम्य शब्दांत होते, पण आशय स्पष्ट होता : पाकिटात माल कमी आहे. शंभर पाकिटांत मिळून २ किलो २०० ग्रॅम तूट, तिची किंमत ९६८ रुपये, आणि ती रक्कम वहिनींनी निमूटपणे बिलातून कमी केली.

३,००० रुपयांतून २,४०० गेले, उरले ६००. त्यातून ९६८ वजा. तिघींच्या पंधरा दिवसांच्या कष्टांची निष्पत्ती उणे ३६८ रुपये. पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले ते पैशापायी नव्हे. “माप मारणारी बाई, असे कोणी म्हणावे, हे मनाला लागले हो,” एवढेच त्या बोलल्या.

माप मारण्याचा विचारही त्या माउलीच्या मनात आला नव्हता. चूक झाली होती ती एका शब्दाच्या अर्थात. ‘वजन’ हा शब्द आपण एकेरी समजतो; व्यापारात तो तिहेरी आहे. हे तिन्ही पदर प्रत्येक गृहिणीला, प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असावेत, म्हणून या महिन्याचा हिशेब वजनाचा.

*तीन वजने*

पहिले निव्वळ वजन. यात फक्त माल. भाजणी असेल तर भाजणी, तूप असेल तर तूप. पिशवी नाही, डबा नाही, दोरा नाही, चिठ्ठी नाही. इंग्रजीत यालाच ‘नेट’ म्हणतात. तो शब्द फ्रेंचांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वच्छ’ असा आहे. आपला ‘निव्वळ’ ऐकतानाही निवळलेल्या पाण्याची आठवण होतेच. गाळ खाली बसला आणि वर राहिले ते निवळ, तसे वेष्टन बाजूला झाले आणि राहिले ते निव्वळ.

दुसरे वेष्टनाचे वजन. पाकीट, बाटली, डबा, खोके, खोक्यात कोंबलेला कागद, वरची चिकटपट्टी, सारे यात आले. बाजारपेठेत याला बारदान म्हणतात. इंग्रजीतील ‘टेअर’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ ‘टाकून दिलेले, वजा केलेले’ असा होतो. शब्दानेच सांगून ठेवले आहे की हे वजन मालात धरावयाचे नाही, त्यातून काढावयाचे.

तिसरे एकूण किंवा ढोबळ वजन, म्हणजेच ‘ग्रॉस’. माल आणि बारदान यांची बेरीज. काट्यावर बांधाबांध झालेले खोके ठेवले की जो आकडा दिसतो तो हा.

सूत्र एवढेच : निव्वळ अधिक बारदान बरोबर ढोबळ. तिन्हींपैकी दोन कळली की तिसरे आपोआप कळते. बेरीज-वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही येईल. कोणत्या प्रसंगी यांतील कोणते वजन विचारात घ्यावयाचे, हे जाणणे हीच यातील खरी मेख आहे. सर्वसाधारण नियम असा की, विकत देणाऱ्या-घेणाऱ्याने निव्वळ वजन पाहावे आणि वाहून नेणाऱ्याने ढोबळ. ग्राहक भाजणीचे पैसे देतो, पिशवीचे नव्हे. आणि हमालाच्या पाठीला, मालमोटारीच्या चाकांना किंवा विमानाच्या पंखांना भाजणी कोणती आणि पिशवी कोणती, याच्याशी काही कर्तव्य नसते.

वहिनींनी नेमके उलट केले होते. पाकीट भरून, तोंड बंद करून मग ते काट्यावर ठेवले आणि ५०० भरले की बाजूला काढले. रिकाम्या पाकिटाचे वजन २२ ग्रॅम. म्हणजे विकताना ढोबळ वजन धरले. आणि पाठविताना? तेव्हा मनात धरले शंभर गुणिले अर्धा, बरोबर ५० किलो, म्हणजे निव्वळ.

*धडा करणे*

आपल्या आजी-पणजींना ही चूक करताना मी तरी पाहिले नाही. तेल आणावयास किटली घेऊन गेले की दुकानदार प्रथम रिकामी किटली एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात खडे, खिळे, जुनी वजने टाकून दोन्ही पारडी समतोल करी. याला ‘धडा करणे’ म्हणत. मग त्यावर शेराचे माप ठेवून तेल ओते. बारदान असे आधीच फिटून जाई आणि वजाबाकीचा प्रश्नच उरत नसे. मण-शेर-छटाकांचे ते दिवस मेट्रिक पद्धतीने संपविले. भारतात वजन-मापांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ साली झाला, आणि पुढील काही वर्षांत चाळीस शेरांच्या, म्हणजे सुमारे ३७.३२ किलोंच्या मणाची जागा किलोग्रॅम आणि क्विंटल यांनी घेतली. पारडी गेली, विजेचे काटे आले. पण धडा मात्र गेलेला नाही. काट्यावर ‘टेअर’ किंवा नुसते ‘टी’ लिहिलेली जी कळ असते, ती धडा करण्याचीच कळ. रिकामे पाकीट काट्यावर ठेवावे, ती कळ दाबावी, आकडा शून्यावर येतो. मग भाजणी भरावी. ५०० दिसले की आत खरोखर ५०० ग्रॅम भाजणी आहे. वहिनींच्या काट्यालाही ही कळ होती. दोन वर्षांत तिला कोणाचे बोट लागले नव्हते.

मंडईत पोत्यांच्या मालाला हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडतो. तागाचे रिकामे पोते अर्ध्या किलोहून थोडे अधिकच भरते. ५० किलोंची शंभर पोती ढोबळ वजनावर घेतली, तर घेणाऱ्याने एक पोतेभर धान्याचे पैसे तागासाठी मोजले म्हणावयाचे. म्हणून बारदानाचे वजन कापण्याची रीत आहे. पण तेच कापताना अंदाजाने, दर पोत्यामागे एक किलो असे कापले, तर नुकसान शेतकऱ्याचे. दोन्ही बाजूंना न्याय हवा असेल तर चार-दोन रिकामी पोती प्रत्यक्ष तोलून सरासरी काढावी. मालमोटारीचेही तसेच : धर्मकाट्यावर आधी रिकामी गाडी, मग भरलेली, आणि दोहोंतील फरक हा माल. यात एक सावधगिरी हवी. रिकामी तोलताना गाडीच्या टाकीत इंधन किती होते, चालक-क्लीनर वर होते की खाली, सुटे चाक आणि ताडपत्री होती की नव्हती, हे दोन्ही वेळा सारखेच असावयास हवे.

*कायदा काय म्हणतो*

पाकीटबंद मालावर निव्वळ वजन छापणे हे ऐच्छिक नाही. वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. पाकीटबंद वस्तूंचे नियमही २०११ चेच आहेत. त्यांनुसार पाकिटावर वस्तूचे नाव, उत्पादकाचे किंवा पाकीट भरणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि निव्वळ परिमाण हे स्पष्ट लिहावे लागते. निव्वळ परिमाणात वेष्टन धरावयाचे नाही. यंत्राने किंवा हाताने भरताना थोडे उणे-अधिक होणारच, म्हणून नियमांत सवलतीची मर्यादा आखून दिली आहे. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ती शेकडा ३, म्हणजे १५ ग्रॅम आहे. मात्र या सवलतीचा अर्थ प्रत्येक पाकिटात १५ ग्रॅम कमी भरावे असा मुळीच नाही. एखादे पाकीट १५ ग्रॅमपर्यंत कमी भरले तर चालेल, पण पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाहून कमी येता कामा नये. वहिनींच्या पाकिटांत २२ ग्रॅम कमी होते आणि तेही शंभरच्या शंभर पाकिटांत. हेतू कितीही निर्मळ असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो दोषच. मंडळाच्या गृहस्थांनी तक्रार वहिनींकडे केली, सरकारी निरीक्षकाकडे केली नाही, हे त्यांचे उपकारच म्हणावयाचे.

घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. स्वयंपाकघरातला काटा घरापुरता ठीक. विक्रीसाठी वापरावयाचा काटा ठराविक मुदतीने सरकारी पडताळणी करून, शिक्का मारून घ्यावा लागतो.

*आपण घेणारे असतो तेव्हा*

हेच ज्ञान घेणाऱ्याच्याही कामी येते. मिठाईचे दुकान घ्या. सणाच्या गर्दीत पुठ्ठ्याचा जाड डबा काट्यावर चढतो, त्यात पेढे पडतात आणि डब्यासकट किलो भरतो. मी घरी आणलेला एक रिकामा डबा तोलून पाहिला, तो ९० ग्रॅम भरला. मिठाई ६०० रुपये किलो असेल तर पुठ्ठ्याचे ५४ रुपये झाले. डब्याची किंमत वेगळी लावावयाची असेल तर दुकानदाराने ती सांगून लावावी. पेढ्याच्या भावाने पुठ्ठा विकणे मात्र रास्त नव्हे आणि कायदेशीरही नव्हे. अशा वेळी भांडण्याचे कारण नाही. “डब्याचे वजन वजा करा हो,” एवढे हसतमुखाने म्हटले की बहुतेक ठिकाणी काम होते. न झाले तर वजन-मापे खात्याकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. या खात्याला इकडे मध्य प्रदेशात नापतौल विभाग म्हणतात.

दुसरे उदाहरण आपल्या ओट्याखालचे. घरगुती गॅसच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हे निव्वळ वजन. लोखंडी नळकांड्याचे वजन प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते त्याच्या वरच्या भागावर लिहिलेले असते. समजा तेथे १५.६ किलो लिहिले आहे. तर भरलेला सिलिंडर २९.८ किलो भरला पाहिजे. सिलिंडर पोहोचविणाऱ्याने मागितल्यास वजन करून दाखविले पाहिजे. पण नळकांड्यावरचा आकडा वाचावयाचा हे ठाऊक नसेल, तर काट्यावरच्या आकड्यावरून आपल्याला काय समजणार?

*मोठ्या प्रवासातले वजन*

जो माल दूर जावयाचा, त्याचे ढोबळ वजन खरे असणे हा केवळ भाड्याचा प्रश्न नाही. कधी कधी तो प्राणाचा प्रश्न असतो. जहाजावर अवजड गठ्ठे चढविणाऱ्या यारीची ताकद ठरलेली असते. गठ्ठा किती जड आहे हे न कळल्यामुळे यारी मोडून माणसे दगावू नयेत, म्हणून १९२९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने असा करार केला की, जहाजाने जाणाऱ्या एक टन किंवा त्याहून जड गठ्ठ्यावर त्याचे ढोबळ वजन ठळकपणे लिहिलेच पाहिजे. त्या अनुषंगाने आपल्याकडे अवजड गठ्ठ्यांवर वजन लिहिण्यासंबंधी १९५१ साली स्वतंत्र कायदा झाला.

आज बहुतेक माल लोखंडी कंटेनरांतून जातो. पीथमपूरहून न्हावा-शेव्याकडे जाणारे हे मोठाले डबे महामार्गावर आपण रोज पाहतो. पुढच्या वेळी एखाद्याच्या मागच्या दारावर नजर टाका. आपली तीन वजने तेथे रंगवलेली दिसतील. वीस फुटी कंटेनरवर कमाल ढोबळ वजन पुष्कळदा ३०,४८० किलो असते. त्याचे स्वतःचे वजन समजा २,२८० किलो; मग आत भरता येईल असा माल २८,२०० किलो. पण माल भरणाऱ्याने वजन अंदाजाने लिहिले तर? जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’ या जहाजाचे सांगाडे इंग्लिश खाडीतील वादळात तडकले आणि त्याला इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर टेकवावे लागले. चौकशीत डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर तोलले गेले. त्यांपैकी १३७ कंटेनरांचे वजन कागदावरील वजनाहून ३ टनांपेक्षा अधिक फरकाचे निघाले. जहाज तडकण्याचे ते एकमेव कारण नव्हते. पण कागदावरचे वजन आणि खरे वजन यांत किती अंतर पडू शकते, हे त्याने जगाला दाखवून दिले. पुढे १ जुलै २०१६ पासून, समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले ढोबळ वजन कळविल्याशिवाय तो जहाजावर चढवू नये असा नियम झाला. ते काढण्याच्या रीती दोन : भरलेला कंटेनर सबंध तोलावा, किंवा आतील प्रत्येक नग, त्याचे वेष्टन आणि माल हलू नये म्हणून घातलेले लाकूड-दोर हे सारे तोलून त्यात रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवावे. दोन्ही रीती आपल्याच सूत्राच्या.

परदेशी माल पाठविणाऱ्याला मालाच्या यादीत निव्वळ आणि ढोबळ ही दोन्ही वजने वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी लागतात. ती कोणी वाचीत नाही असे समजू नये. स्वित्झर्लंडसारख्या देशात जकात परंपरेने ढोबळ वजनावर आकारीत आले आहेत. कारखानी मालावरील जकात त्यांनी १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली, पण शेतमालाला ती आहेच. अशा ठिकाणी जड खोके निवडले की खोक्यावरही जकात भरावी लागते.

*चौथे वजन, जे काट्यावर दिसत नाही*

आता वहिनींच्या ७० किलोंकडे वळू. त्यांचे प्रत्येक खोके काट्यावर ११ किलो भरत होते. पाच खोकी ५५ किलो. मग ७० कोठून आले? वहिनींना ही लबाडी वाटली होती. ती लबाडी नव्हती, पण त्यांना आधी कोणी समजावूनही सांगितले नव्हते.

विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची असते. कापसाची गादी वजनाने हलकी, पण जागा खाते. म्हणून वाहतूकदार खोक्याचे आकारमान वजनात बदलून पाहतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावयाचा आणि त्याला ५००० ने भागावयाचे. येईल ते किलोतले ‘आकारमानी वजन’. कुरिअरमध्ये ५००० चा भाजक सर्रास चालतो. विमानाच्या मोठ्या मालवाहतुकीत ६००० चा प्रघात आहे. ठरविण्यापूर्वी विचारून घ्यावे हे उत्तम. मग ढोबळ वजन आणि आकारमानी वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे. जहाजाच्या सुट्या मालालाही तत्त्व हेच, तेथे एक घनमीटर जागा एका टनाबरोबर धरतात.

वहिनींची खोकी होती ५० × ४० × ३५ सेंटिमीटर. गुणाकार ७०,०००, भागिले ५०००, बरोबर १४ किलो. पाच खोक्यांचे ७० किलो. खोकी वाण्याकडून फुकट मिळाली म्हणून घेतली होती. निम्मी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्रांनी भरली होती. म्हणजे विमानाने हवा पाठविली आणि किलोला १२० रुपये देऊन पाठविली.

मी वहिनींना म्हटले, “खोके ४० × ३५ × ३० चे घ्या.” गुणाकार ४२,०००, आकारमानी वजन ८.४ किलो. आता खरे वजन पाहा : पाकिटात ५०० ग्रॅम माल आणि २२ ग्रॅम पाकीट, मिळून ५२२ ग्रॅम, वीस पाकिटांचे १० किलो ४४० ग्रॅम, खोके, चिकटपट्टी आणि आतील कागद मिळून ९६० ग्रॅम, एकूण ११ किलो ४०० ग्रॅम. आकारमानी वजनाहून हे जास्त, म्हणून भाडे यावर. पाच खोकी ५७ किलो, भाडे ६,८४० रुपये. पूर्वीपेक्षा माल दोन किलोंहून अधिक, आणि भाडे १,५६० रुपयांनी कमी.

यातून कोणी असा अर्थ मात्र काढू नये की बारदान हा शत्रू आहे आणि ते होता होईल तो कमी करावे. पातळ पिशवीने १० ग्रॅम वाचतील, पण वाटेत ती फुटली तर ५०० ग्रॅम भाजणी जाईल. काचेच्या बरणीतले लोणचे पाठविताना बरणीभोवतीचा पुठ्ठा हे नुसते ओझे नसते, ती रखवाली असते. रखवालीचा पगार द्यावाच. फक्त तो किती पडतो हे आधी मोजावे आणि हिशेबात धरावे.

परगावी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही हेच सांगेन. विमान कंपनीने २३ किलोंची एक बॅग नेण्यास परवानगी दिली म्हणजे २३ किलो लाडू-चिवडा नेता येतो असे नव्हे. रिकामी बॅग साडेचार किलो भरली तर आत साडेअठरा किलोच मावणार. त्यातही पितळी डबे घातलेत तर डबेच दोन किलो खातील. विमानतळावर सर्वांदेखत बॅग उघडून लेकीसाठी केलेल्या वड्या बाहेर काढण्याची पाळी कोणावरही येऊ नये. रिकामी बॅग आधी तोला, तिच्या आतल्या बाजूस वजनाची चिठ्ठी चिकटवून ठेवा; जन्मभर उपयोगी पडेल.

*वहिनींची नवी वही*

त्या संध्याकाळी आम्ही वहीचे एक नवे पान आखले. पहिल्या रकान्यात निव्वळ वजन, दुसऱ्यात पाकिटांचे, तिसऱ्यात खोक्याचे, चौथ्यात ढोबळ, पाचव्यात आकारमानी, आणि शेवटच्यात भाडे ज्यावर पडेल ते वजन. भाव सांगण्यापूर्वी सहाही रकाने भरलेले असले पाहिजेत, असा नियम ठरला. मग वहिनींनी मंडळाला पत्र लिहिले. सबब सांगितली नाही. “आम्ही पाकिटासकट वजन केले, ही आमची चूक. यापुढे पाकीट वगळून वजन होईल. आपण पडताळून पाहावे,” एवढाच मजकूर. पत्र लिहिताना त्यांचा हात थरथरत होता. चूक कबूल केली तर गिऱ्हाईक कायमचे जाईल, अशी सोबतच्या दोघींना धास्ती होती.

दहा दिवसांनी उत्तर आले. मंडळाने दिवाळीसाठी पुन्हा शंभर पाकिटे मागविली होती, वाहतुकीचा खर्च वेगळा देऊन. ज्या गृहस्थांनी पाकीट फोडून तोलले होते, त्यांनीच म्हणे बैठकीत सुचविले की, जी बाई असे पत्र लिहिते तिच्याकडूनच माल घ्यावा.

परवा सहज डोकावलो. तिघी जमिनीवर बसल्या होत्या, मध्ये काटा. एकीने रिकामे पाकीट ठेवले, दुसरीने कळ दाबली, आकडा शून्यावर आला, आणि मग वहिनींच्या हातातली पळी भाजणीत शिरली. भाजणीचा खमंग वास खोलीभर दरवळत होता. मला पाहून त्या हसून म्हणाल्या, “भाऊजी, धडा केला हो.”

मराठीत ‘धडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्या दिवशी वहिनींच्या तोंडी दोन्ही एकदमच आले.